पाइप मोजला, पाणी नाही

फाइलमध्ये चार दावे होते. शाळेच्या गच्चीवरच्या २० किलोवॉट सौर संचामुळे वर्षाला ३० टन कार्बन वाचतो. एलईडी दिवे आणि नव्या पंख्यांमुळे विजेचा वापर ४० टक्क्यांनी घटला. पावसाचं ४ लाख ३२ हजार लिटर पाणी दरवर्षी जमिनीत मुरतं. आवारात १२० झाडं लावली. खाली सही-शिक्का आणि मागे रंगीत छायाचित्रं. या चार वाक्यांपुढे मी ‘बरोबर’ अशी खूण करून द्यावी, एवढीच बोलावणाऱ्यांची अपेक्षा होती.

मी ऊर्जा लेखापरीक्षण करते. पुण्यात राहते, कामं बहुतेक चाकण-रांजणगावच्या कारखान्यांची. ही शाळा पुण्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका स्थानिक संस्थेची. संस्थेचं नाव घेत नाही. अशी फाइल फक्त तिथेच सापडते असं मुळीच नाही.

पूर्वी असल्या आकड्यांकडे उद्घाटनाचं भाषण लिहिणाऱ्याखेरीज कोणी बघत नसे. आता त्यांना पैसा चिकटलाय. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२० पासून गावं-शहरं गुणांसाठी झगडतात आणि कागद तपासून झाले की जागेवर माणूस येतो. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांच्या अनुदानाचा एक भाग हवेच्या गुणवत्तेशी जोडला. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा गुंतवणूकदाराला व्याज वेळेवर मिळालं की पुरे होतं. २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडने हरित रोखे काढले. तिथे पैसा कुठे गेला आणि त्याने पर्यावरणाचं काय भलं झालं, हेही दरवर्षी जाहीर करावं लागतं. त्यामुळे लहान संस्थांनाही आपली कामं बाहेरच्या माणसाकडून तपासून ठेवाविशी वाटू लागली आहेत. माझ्यापर्यंत काम आलं ते असं.

सुरुवात कागदांपासून. पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट), कार्यादेश, पूर्णत्वाचा दाखला आणि एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तक. सरकारी बांधकामात एम.बी.ला पोथीचा मान असतो. जे तिच्यात चढलं तेच झालं आणि त्याचेच पैसे मिळतात. कनिष्ठ अभियंता मोजमाप लिहितो, उपअभियंता त्यातली काही स्वतः मोजून बघतो, मग बिल निघतं. व्यवस्था जुनी आहे आणि तिच्यापुरती चोख आहे. सौर पॅनेल किती नग, केबल किती मीटर, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली किती, सगळं तिच्यात मिळालं. वीज किती झाली, पाणी किती मुरलं, हे लिहायला तिच्यात जागाच नव्हती. एम.बी.त रकाने लांबी, रुंदी, उंची आणि संख्येचे असतात, काळाचा नसतो.

कामावरचे जे.ई., म्हणजे कनिष्ठ अभियंता, तरुण होते. आधीचे बदलून गेले आणि ही फाइल वारशाने यांच्याकडे आली. दावे यांनी लिहिलेले नव्हते, उत्तरं मात्र यांनाच द्यायची होती. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “मॅडम, आम्ही पाइप मोजलाय. पाणी नाही मोजलं.” त्यानंतर माझं आणि त्यांचं चांगलं जमलं.

सौर संचापासून सुरुवात केली, कारण तिथे निदान यंत्र स्वतः काहीतरी सांगतं. इन्व्हर्टरची माहिती मोबाईलवर दिसते, असं दाखल्यात लिहिलं होतं. दिसत नव्हती. डेटा पाठवणाऱ्या डब्यातल्या सिमकार्डचं रिचार्ज कधीच संपलेलं. ते कोणी करायचं? शाळेकडे त्यासाठी खर्चाचं शीर्ष नाही आणि ठेकेदाराच्या करारात त्याचा उल्लेख नाही. मासिक उत्पादनाची नोंद त्यामुळे शून्य. इन्व्हर्टरच्या पडद्यावर फक्त सुरुवातीपासूनची एकूण बेरीज होती: ३१,२०० युनिट.

ही बेरीज किती महिन्यांची? पूर्णत्वाचा दाखला २० महिन्यांपूर्वीचा. पण घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा वीज कंपनीचा नेट मीटर त्यानंतर सहा महिन्यांनी बसला आणि तोपर्यंत संच बंदच होता. २० ने भागलं तर किलोवॉटमागे दिवसाला अडीच युनिटच्या आसपास येतात आणि संच टाकाऊ ठरतो. १४ ने भागलं तर साडेतीनच्या थोडं वर, म्हणजे ठीक. पुण्याच्या उन्हात चांगल्या संचाकडून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. मी १४ धरले. यंत्र चालू नसताना त्याला नापास करण्यात अर्थ नाही. बंद असलेले सहा महिने मात्र अहवालात स्वतंत्र लिहिले, कारण तेवढे महिने लोकांचा पैसा गच्चीवर नुसता ऊन खात पडला होता. या १४ महिन्यांत पावसाळ्याचे ढगाळ महिने दोनदा आले होते, हेही लिहिलं. त्यामुळे वर्षाला २६,७०० युनिट हा माझा आकडा थोडा कमीकडेच झुकणारा.

चारच्या खाली का, त्याचं उत्तर जिना चढल्यावर मिळालं. संच बसल्यानंतर कोणीतरी पश्चिमेला पाण्याची टाकी चढवली होती आणि दुपारनंतर तिची सावली एका रांगेवर पडत होती. पॅनेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकावर सावली आली की नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही, अख्ख्या रांगेचं उत्पादन पडतं. धूळ तर होतीच, शेजारी बांधकाम चालू होतं. शिपाई मामा म्हणाले, “धुवायला सांगा की मॅडम, मी धुतो. पण वर नळ नाही.” टाकी वर आहे आणि नळ नाही!

आता ३० टन कार्बनचं बघू. हा आकडा कसा आला ते उलटं मोजून काढलं. किलोवॉटमागे रोज ५ युनिट, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ३६,५०० युनिट. त्याला ०.८२ ने गुणलं की २९.९ टन. ५ युनिट हा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा. ०.८२ मात्र हवेतून आलेला नाही. ग्रिडच्या, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. काही वर्षांपूर्वी तो आकडा ०.८२ च्या आसपास होता. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढत गेली तसा तो उतरला, आता ०.७२ च्या आसपास आहे. म्हणजे तोच संच तेवढीच वीज देत राहिला तरी त्याची कार्बन-बचत हळूहळू कमी मोजावी लागते. हे अधिकाऱ्यांना पटवणं जड गेलं. “संच तोच, वीज तीच, मग बचत कमी कशी?” कारण आपण ज्याच्याशी तुलना करतोय तेच सुधारतंय. माझा आकडा आला १९ टन. ‘एवढ्या हजार झाडांइतकं काम’ असं एक वाक्य फाइलमध्ये होतं, ते मी सरळ खोडलं.

वीज वापर ४० टक्क्यांनी घटल्याच्या दाव्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि गंमतही तिथेच आली.

बचत मीटरवर दिसत नाही. मीटर सांगतो आज किती वापरलं. दिवे बदलले नसते तर किती वापरलं असतं, हे जगातला कुठलाच मीटर सांगत नाही. ते हिशोबाने उभं करावं लागतं. आयपीएमव्हीपी ही बचत मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत याच पायावर उभी आहे. आधीचा वापर घ्या, मधल्या काळात जे बदललं त्याची भर किंवा वजावट करा आणि मग आजच्याशी तुलना करा. म्हणजे जुनी बिलं हवीत. शाळा स्वतः बिल भरत नाही, मुख्यालय भरतं. मुख्यालयात ती व्हाउचरला टाचलेली, आणि व्हाउचरचे गठ्ठे आर्थिक वर्षाप्रमाणे बांधून माळ्यावर. लेखा विभागातल्या बाईंनी आधी साफ नकार दिला. मग स्वतःच स्टूल घेऊन वर चढल्या आणि सुतळी सोडत बसल्या. या सगळ्या प्रकरणात त्यांचे उपकार मोठे. पूर्ण दोन वर्षांची बिलं मिळाली: वर्षाला सरासरी २१,६०० युनिट.

नंतरचा वापर काढताना फाइल लिहिणाऱ्याचा घोटाळा लक्षात आला. त्याने नवं बिल घेतलं, जुनं बिल घेतलं आणि वजाबाकी केली. पण सौर संच बसल्यावर बिलात जे दिसतं तो शाळेचा वापर नसतोच. गच्चीवर झालेली वीज शाळेने थेट वापरली तर ती नेट मीटरपर्यंत पोहोचतही नाही. खरा वापर म्हणजे ग्रिडकडून घेतलेली वीज, अधिक सौर उत्पादन, वजा ग्रिडला दिलेली वीज. तसं मांडलं: ९,१०० अधिक २६,७०० वजा १४,९००. आले २०,९०० युनिट. म्हणजे घट फक्त ७०० युनिटची!

थोडक्यात, सौर विजेमुळे उतरलेलं बिल एकदा सौरच्या खात्यात मोजलं होतं आणि तेच पुन्हा एलईडीच्या खात्यात. कोणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. दोन वेगळी कामं, दोन वेगळे ठेकेदार, दोन वेगळी पूर्णत्वपत्रं. प्रत्येकाने तोच मीटर बघून आपापली पाठ थोपटून घेतली. सार्वजनिक कामांतल्या अशा दाव्यांमध्ये धादांत खोटं मला क्वचित दिसतं. एकच गोष्ट दोनदा मोजलेली मात्र नेहमी दिसते.

पण ७०० वरच थांबणंही अन्यायाचं झालं असतं. मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, दिवे बदलल्यानंतर शाळेत नवीन काय आलं? “संगणक कक्ष आला की! पंधरा संगणक. त्याआधी एकच होता, तोही ऑफिसात.” पंधरा संगणक, प्रत्येकी साधारण १०० वॉट, दिवसाला पाच तास, शाळेचे २२० दिवस, म्हणजे १,६५० युनिट. हा वाढीव वापर जुन्या आकड्यात मिळवायला हवा, कारण जुने दिवे असते तरी संगणक चाललेच असते. सुधारित पाया २३,२५० आणि बचत २,३५०, म्हणजे १० टक्के. चाळीस नव्हे, दहा. आणि दहा टक्के हा वाईट आकडा नाही. शाळा दिवसा चालते, खिडक्या मोठ्या आहेत, दिवे मुळात कमीच लागतात. तिथे ४० टक्के वाचतील असं कागदावर येईपर्यंत कोणाच्या मनात शंका कशी आली नाही, याचंच मला नवल वाटतं.

आता पाणी. ४ लाख ३२ हजार लिटरचा हिशोब सोपा होता. गच्ची ६०० चौरस मीटर, पाऊस ७२० मिलिमीटर, करा गुणाकार. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आणि ७२० हा आकडाही ठीक. शिमला ऑफिसच्या, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या सरासरीच्या जवळचा. (हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, त्याला शंभर वर्षं होत आली तरी रिक्षावाल्याला शिमला ऑफिसच सांगावं लागतं.) पण पडलेलं सगळं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि खड्ड्यात गेलेलं सगळं मुरतं, ही दोन गृहीतकं त्या गुणाकाराच्या पोटात लपली होती.

पहिलं तपासायला गुलाल लागला. गणपतीच्या आधीचे दिवस होते, गुलाल शाळेतच मिळाला. गच्चीला दहा पाइप. एकेका पाइपाच्या तोंडाशी थोडा गुलाल टाकून मामा बादलीने पाणी ओतत आणि जे.ई. खाली खड्ड्यापाशी उभे राहत. पहिल्या पाइपाचं गुलाबी पाणी खड्ड्यात आलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचं आलंच नाही. मग फाटकापाशी पोरांचा गलका झाला. गुलाबी पाणी रस्त्याकडेच्या गटारातून वाहत चाललं होतं. दहापैकी चार पाइप खड्ड्याला जोडलेले निघाले. सहा पाइप एम.बी.त मोजलेले होते, भिंतीवरही होते, फक्त खाली जमिनीत गेल्यावर त्यांचा रस्ता वेगळा होता.

एवढ्यात शेजारच्या सोसायटीतले एक काका आले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मूळ नकाशाची प्रत. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अर्ज न करता फाइली बघायची पद्धत पुण्यात जुनी आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतरत्रही लागू केली. काका त्या वेळेचे नेमाने लाभार्थी. “मॅडम, आमच्या बोअरला पाणी वाढेल म्हणून सांगितलं होतं. हे बघा, नकाशात खड्ड्यात बोअर दाखवलंय. खाली उतरून बघा, आहे का ते.” उतरावं लागलं नाही. वरचा गोट्यांचा थर बाजूला केल्यावर दिसलं, बोअर नव्हतं.

हे बारीकसारीक नाही. पुण्याखाली बेसॉल्ट आहे. माती आणि मुरूम आहे तिथवर पाणी शोषलं जातं. खाली काळा पाषाण लागला की भेगा असतील तरच त्याला वाट मिळते. म्हणून खड्ड्यात बोअर घेऊन पाणी त्या भेगांपर्यंत पोहोचवायचं असतं. आम्ही टँकर मागवून खड्डा भरला आणि पट्टी लावून बसलो. पहिल्या तासात पातळी वीतभर उतरली, नंतर जेमतेम. खड्डा दोन मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. आठ घनमीटर दिसतो, पण गोटे आणि वाळू वजा जाता पाण्याला जागा तीनेक हजार लिटरची. सगळे पाइप जोडलेले असते आणि ३० मिलिमीटरची एक चांगली सर आली असती, तर गच्चीवरून १८ हजार लिटर आलं असतं. बाकीचं कुठे जाणार? फाटकाबाहेर. अहवालात मी मुरलेल्या पाण्याचा आकडा दिला नाही. पाइप जोडून, बोअर घेऊन एक पावसाळा पातळी मोजल्याशिवाय असा आकडा देता येत नाही, एवढंच लिहिलं. “काहीतरी अंदाजे तरी टाका,” असं दोन-तीनदा सुचवलं गेलं.

झाडांचं थोडक्यात सांगते. बिल १२० खड्ड्यांचं, मातीचं, शेणखताचं आणि जाळीच्या कुंपणांचं होतं. ते सगळं झालं होतं. जिवंत झाडं ७१. बहावा आणि करंज तगले होते, मैदानाकडेची बरीच गेली होती. ती चेंडूने गेली की पाण्यावाचून, यावर शाळेत दोन मतं होती. पण तीच १२० झाडं जवळच्या रस्तारुंदीकरणात तोडलेल्या झाडांची भरपाई म्हणून दुसऱ्या फाइलमध्येही होती. १९७५ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्या हिशोबात गेलेली झाडं इथे पुन्हा ‘पर्यावरणपूरक शाळे’च्या नावावर मोजता येत नाहीत. मी दोन्ही फाइलींचे क्रमांक शेजारी शेजारी लिहिले आणि पुढे काही लिहिलं नाही.

अहवालाच्या बैठकीत उपअभियंत्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “एकूण किती टक्के? पास की नापास?” त्यांची अडचण मला समजत होती, वर एका ओळीत कळवायचं असतं. मी म्हटलं, सौर पडताळलं, आकडा ३० ऐवजी १९. दिवे पडताळले, ४० ऐवजी १०. पाणी पडताळता येत नाही. झाडं जिवंत आहेत तेवढी, पण कोणत्या फाइलीत मोजायची ते तुम्ही ठरवा. या चारांची सरासरी काढता येत नाही. त्यावर ते जे.ई.ंकडे वळून म्हणाले, “मॅडमचंच वाक्य वर पाठवा, जसंच्या तसं.” ते रागाने म्हणाले की सुटल्याच्या भावनेने, ते मला कळलं नाही.

काही गोष्टी मात्र हलल्या. कामाचा दोषदायित्व कालावधी अजून संपला नव्हता, म्हणजे ठेकेदाराची सुरक्षा ठेव संस्थेकडेच होती. तिच्या जोरावर सहापैकी तीन पाइप खड्ड्याकडे वळवून घेतले. उरलेले तीन स्टेजच्या फरशीखालून जातात, ती उखडायला मुख्याध्यापिका बाई तयार नाहीत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. गच्चीवर नळ आला. मामा महिन्यातून एकदा पॅनेल धुतात आणि एक तारखेला इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो जे.ई.ंना पाठवतात. सिमकार्डापेक्षा ही व्यवस्था टिकाऊ निघाली.

माझी मुख्य शिफारस वेगळी होती. पुढच्या शाळेच्या पूर्वगणनपत्रकातच मोजण्याची बाब घाला. सौरसाठी वेगळा मीटर, खड्ड्यात पातळीची पट्टी, आधीच्या दोन वर्षांच्या बिलांच्या प्रती, आणि काम झाल्यावर पूर्ण एक वर्षाच्या नोंदी दिल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. कामाच्या रकमेपुढे हा खर्च किरकोळ. जे.ई.ंनी तसं पत्रक केलं आणि ते लगेच परत आलं. पॅनेल, केबल, खोदाई, सगळ्यांचे दर सरकारी दरसूचीत आहेत. ‘एक वर्ष नोंद ठेवणे’ याचा दर नाही. दर नसलेली बाब घ्यायची तर दर विश्लेषण हवं आणि त्याला तीन दरपत्रकं. दोन मिळाली आहेत. तिसऱ्यासाठी जे.ई. बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, मीटरचा दर देतो, तो वाचायचा दर मी कुठून देऊ?